सलूनवाल्याचा होकार

सलूनवाल्याने गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. वडिलांची शिकवणच तशी होती. वस्तरा गळ्यावर असताना वाद घातला की गिऱ्हाईक तावातावाने बोलायला लागतं, बोलायला लागलं की गळा हलतो, आणि मग जे व्हायचं ते होतं. त्यामुळे एक गिऱ्हाईक म्हणालं, यंदा पाऊस जास्त झाला, तर 'बरोबर आहे'. पुढचं म्हणालं, छे, कमीच झाला, तर तेही 'बरोबर आहे'. तीस वर्षांत त्याने कोणाला कापलं नाही आणि कोणाशी त्याचं वाजलंही नाही.

असा माणूस नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला तो काही हौसेने नव्हे. त्याला उभं केलं भिंतीवरच्या लाल रेघेने. दहा वर्षांपूर्वी वीटभट्ट्या होत्या तिथे आता बावीस मजल्यांच्या सहा इमारती होत्या, आणि त्या सगळ्यांना शहरात जायला रस्ता एकच, सलूनपाशी येऊन चिंचोळा होणारा. तो रुंद करायचा म्हणून मोजणीवाले आले आणि रेघ मारून गेले. रेघेच्या आत काय उरतं ते सलूनवाल्याने पट्टीने मोजलं. हात धुवायचं बेसिन आणि कॅलेंडर. तिन्ही खुर्च्या, वडिलांच्या वेळची मधलीसुद्धा, रस्त्यात जात होत्या. शेजारच्या चष्मेवाल्याचं तर कॅलेंडरही उरत नव्हतं.

"तू उभा राहा," चष्मेवाला म्हणाला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. "वॉर्डातली निम्मी डोकी तुझ्या हाताखालून जातात. निवडून ये आणि ही रेघ पुसून टाक."

"बरोबर आहे," सलूनवाला म्हणाला. म्हणाला तो सवयीने, पण दुसऱ्या दिवशी चष्मेवाला उमेदवारीचा अर्जच घेऊन आला.

प्रचाराची सूत्रं मेहुण्याने हाती घेतली. हा मेहुणा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे शेजारी बसून दुसऱ्याला हुकूम सोडण्यात त्याचा हातखंडा होता. "भावोजी, तुम्ही फक्त हसा. बोलायचं मी बघतो," त्याने सांगून टाकलं. जुन्या गल्लीतली दुकानं एका सकाळी झाली. सगळे म्हणाले, रस्ता रुंद होता कामा नये. बरोबर आहे! मग इमारती सुरू झाल्या. सगळे म्हणाले, रस्ता रुंद झालाच पाहिजे. बरोबर आहे! मेहुण्याने वहीत लिहिलं : गल्ली आपली, इमारतीही आपल्या.

तिसऱ्या इमारतीत, बाविसाव्या मजल्यावर बँकेतल्या एका बाईंनी दार उघडलं. त्यांचे सासरे सलूनवाल्याचं जुनं गिऱ्हाईक, एक नंबरचे वादपटू. चार महिन्यांत ते फिरकले नव्हते. "बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "त्यांची दाढी करून द्याल का? माझा हात ते तोंडाला लावू देत नाहीत."

म्हातारा पलंगावर उशीला टेकवून ठेवलेला होता. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळलेली. झटका आला त्या दिवशी ॲम्ब्युलन्स पाऊण तास रस्त्यात अडकली होती, असं बाईंनी सांगितलं. मेहुण्याने लगेच मान हलवून हळहळ व्यक्त केली. सलूनवाल्याने अंगठ्याने सैल कातडी ताणून धरली आणि सावकाश वस्तरा चालवला. म्हातारा काहीच बोलला नाही. बरोबर आहे म्हणावं असं त्या खोलीत काहीच नव्हतं.

हात पुसता पुसता त्याने खिडकीतून खाली पाहिलं. एवढ्या वरून त्याने आपली गल्ली कधी पाहिली नव्हती. गाड्यांची रांग सरळ येत होती आणि एका जागी येऊन तुंबत होती. त्या जागी एक निळा पत्रा रस्त्यात घुसलेला दिसत होता. पत्रा त्याच्याच सलूनचा होता. त्याला लाज वाटली, इतकी की त्या दिवशीची उरलेली घरं त्याने मेहुण्यालाच करायला लावली.

घरी बायको मशीनवर शिवत बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, दोन्ही डगरींवर हात ठेवलाय तुम्ही. पण सभागृहात हात एकदाच वर करायचा असतो."

"तुझंही बरोबर आहे," तो म्हणाला, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

तो एकशे बारा मतांनी निवडून आला. गल्लीने मतं दिली, इमारतींनीही दिली. चष्मेवाला तर हर्षाने रडला.

त्या नगरपालिकेत एक रीत होती. रस्त्याचा विषय निघाला की ज्याचा वॉर्ड, त्याच्या हाताकडे बाकीचे बघायचे. त्याचा हात वर, तर सगळ्यांचे वर. पहिल्याच बैठकीत सलूनचा रस्ता निघाला. प्रेक्षकांत चष्मेवाला पुढे बसला होता, मागे बँकेतल्या बाई. अध्यक्षांनी विचारलं, "रस्ता रुंद करावा, या बाजूने कोण?" सभागृहाच्या माना वळल्या. सलूनवाल्याला खिडकीतून दिसलेला निळा पत्रा आठवला, आणि वडिलांची मधली खुर्चीही. मग त्याने हात वर केला.

चष्मेवाला त्यानंतर महिनाभर सलूनमध्ये आला नाही. आला तो दुकान पाडण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी, हनुवटीला पट्टी लावून. घरी स्वतःच दाढी करायला गेला होता आणि कापून घेतलं होतं. तो मधल्या खुर्चीत बसला. सलूनवाल्याने फेस लावला, उजवी बाजू केली, मान मागे टेकवली आणि वस्तरा गळ्याशी नेला.

"चुकलास तू," चष्मेवाला आरशातून म्हणाला. "म्हण, चुकलो म्हणून."

सलूनवाल्याने वस्तरा गळ्यापासून काढला, पुसला आणि टेबलावर ठेवला. दुकान जायचंच होतं. हा मित्रही गेला तर, अशी भीती त्याला वाटत होती.

"नाही," तो म्हणाला.

चष्मेवाल्याचा गळा दोनतीनदा हलला. तो उठला मात्र नाही. गळा हलायचा थांबेपर्यंत सलूनवाला उभा राहिला, आणि मग त्याने डावी बाजू करायला घेतली.