दामिनीच्या वहीतलं क्रियापद

दामिनीने हसत दार उघडलं, तेव्हाच खुशालराव उंबऱ्यात थबकले. बारावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. दिवाळीत नात गावी शेंदूरजनाघाटला आली, तेव्हा धड चार शब्द बोलली नव्हती.

"आबाजी, सराव परीक्षेत पयली आली मी!"

तिची शहरातली, राजापेठेतली भाड्याची खोली लख्ख आवरलेली. पुस्तकं दोरीने बांधून ठेवलेली.

"कावून बांधले वं?"

"घरमालकीणबाईच्या पोरीले द्याचे हायेत. माहा झाला ना अभ्यास."

मनगटावर घड्याळही नव्हतं. तेही देऊन झालं होतं.

टेबलावर एकच वही उघडी होती. खुशालराव साठीत अक्षरं शिकलेले. बोट ठेवून वाचू लागले.

"बेअर," दामिनी म्हणाली. "लय जुनं इंग्रजी क्रियापद हाये. सरांनी सगळे उपयोग लिवाले सांगतले. झाडानं फळ धरणं, बाईनं लेकराले जन्म देणं, ओझं वाहणं, मनात अढी धरणं..."

प्रत्येक अर्थापुढे एकेक वाक्य होतं. शेवटचा अर्थ, सोसणं. त्याच्यापुढे सात वाक्यं, सातही खोडलेली, कागद फाटेस्तोवर.

संत्र्याला बहर यावा म्हणून बागेचं पाणी काही दिवस तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. दोन वर्षांमागे विहिरीजवळच्या झाडाचा ताण खुशालरावांनी हट्टाने लांबवला. पानं गळाली आणि झाड फुलांनी नुसतं लगडलं. गाव कौतुक करत आलं. मरायला टेकलेलं झाडही असंच फुलतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते गप्प राहिले. पावसाळ्याआधी झाड चुलीत गेलं.

"तुह्या बापाले फोन लाव."

पोरीला घरी नेतो म्हणताच फोनवर देवराव ओरडला, "आबा, डोकं फिरलं का तुमचं? पंधरा दिवस राह्यले!"

"राहू दे. पोरीले घेऊन येऊन राहिलो. साल गेलं तं गेलं."

"मले काय झालं, आबाजी?" दामिनी हसली. "मी तं मजेत हावो."

"हसू नोको, माय."

हसू ओठांवर क्षणभर तसंच राहिलं, मग गळालं. ती भिंतीकडे पाहत हळूच म्हणाली,

"तुमी तं उद्या येनार होते."

घड्याळाचा पांढरा वळ उरलेलं ते मनगट खुशालरावांनी धरलं, आणि बसमधून उतरून घराच्या ओसरीवर पाय टेकेस्तोवर सोडलं नाही.