खोकल्याची जागा

काही घरांत भिंतीवरचा फोटोच घर चालवतो. साधं कपाट हलवायचं म्हटलं तरी सगळे आधी त्या फोटोकडे बघतात. आपल्या या कथेतल्या घरात फोटो बिचारा कोपऱ्यात गप्प होता. घर चालवत होता तो एक आवाज.

आवाज बाबांचा. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हयात असताना ते समाजाच्या प्रार्थनेच्या सभागृहात दर रविवारी सांजेचं गाणं गायचे. या लोकांचं मूळ गाव आजोबांच्या काळात धरणाखाली गेलं. घरं गेली, विहिरी गेल्या, पूर्वजांच्या समाध्या गेल्या. बरोबर आलं ते हे सात कडव्यांचं गाणं. ‘आपण कोण?’ असं पोरांनी विचारलं की मोठी माणसं सांगत, हे गाणं म्हणणारे ते आपण. आता एवढी मोठी ओळख एका गाण्यावर टांगलेली, तेव्हा लोकांनी ते जिवापाड जपलं यात नवल नाही. पण मंडळी, जपता जपता त्याचं काय करून ठेवलं ते ऐका.

बाबांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. बहीणच काय, सगळा समाज त्याला दादा म्हणायचा. दादा कधी गायला नाही. लहानपणी बाबांनी त्याला सांगितलं होतं, तुझा आवाज या पट्टीत बसत नाही, तू मागे बस. तो जो मागे बसला तो कायमचा. पण बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्याने त्यांचं गाणं रेकॉर्ड करून ठेवलं, आणि बाबा गेल्यावर तेच त्याचं सर्वस्व झालं.

गाण्याची जबाबदारी आली बहिणीवर. ती बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते तिच्या खणखणीत आवाजात सगळ्या आवाराला कळायचं. सभागृहात मात्र तिचा आवाज तिचा नव्हता. दादाची अटच तशी होती. स्पीकरवर बाबांचं रेकॉर्डिंग लागणार आणि तिने त्याच्याबरोबर गायचं. पट्टी बाबांची, चाल बाबांची, बाबा श्वास घेतील तिथेच हिने श्वास घ्यायचा. बाबांचा आवाज भारदस्त, अगदी खालचा. तिथवर पोचायला तिची हनुवटी छातीला टेकायची.

शनिवारी दादा तिच्या घरी तालीम घ्यायला यायचा. जेवणाच्या टेबलावर मशीन मांडायचा, आणि ती जरा कुठे लांबली की बटण दाबून थांबवायचा. बाबा इथे लांबवत नाहीत, एवढंच म्हणायचा. रागवायचाही नाही. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं!

एकदा तिने धीर करून विचारलं होतं, की मी माझ्या पट्टीत गाऊ का. त्यावर दादाचा चेहरा पडला. “तुला बाबा नकोसे झालेत का?” त्याने विचारलं. त्यानंतर तिने ब्रसुद्धा काढला नाही.

मुलींना शिकवून पाहिलं. मुली हौसेने यायच्या, त्या खालच्या पट्टीत घोगरं काहीतरी काढायच्या, एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसायच्या आणि दोन-चार शनिवारांत दिसेनाशा व्हायच्या. मुलगे दादासारखे मागे बसायचे. शिकणारं कुणी उरलं नाही. तिला रात्रंदिवस एकच घोर. सोडावं तर गाव जसं बुडालं तसं गाणंही बुडणार, आणि ते हिच्या हातून. धरून ठेवावं तर गळा साथ देईना. घोषणा करता करता एक दिवस तिचा आवाज मध्येच तुटला, प्रवासी वर कर्ण्याकडे बघत राहिले, तेव्हा ती डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला, चार ओळी गाऊन दाखवायला सांगितल्या आणि विचारलं, “तुम्ही कुणाच्या आवाजात गाताय?” हिला तिथेच रडू फुटलं. असंच चालू राहिलं तर गाणंही जाईल आणि नोकरीही, असं बाईंनी स्पष्ट बजावलं. तिने ते दादाला सांगितलं. त्याने आवाज मोकळा करायच्या गोळ्या आणून दिल्या.

अशातच आत्या राहायला आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली बाई. लग्नानंतर दूर गेली होती, त्यामुळे बाबांच्या माघारी सभागृहात ती कधी आलीच नव्हती. रविवारी ती पहिल्या रांगेत बसली. रेकॉर्डिंग सुरू झालं, भाची हनुवटी छातीला लावून गाऊ लागली. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर बाबांचा आवाज थांबला, भाची थांबली, आणि सगळ्या सभागृहाने माना खाली घातल्या. ही त्या गाण्यातली पवित्र शांतता. इथे बुडालेल्या गावाचं स्मरण करायचं, असं मुलांना शिकवलं जाई. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर या शांततेवर तासभर भाषणही दिलं होतं.

त्या शांततेत आत्या मोठ्याने म्हणाली, “इथला खोकला कुठे गेला?”

माना वर झाल्या. दादाने मशीन बंद केलं. आत्याने सांगितलं ते असं, की भावाच्या आजारपणात तिने फोनवरून हे रेकॉर्डिंग ऐकलं होतं, आणि या जागी त्याला खोकल्याची उबळ आली होती. दादाने कबूल केलं. खोकला ऐकवत नव्हता, म्हणून त्याने तो कापून वेगळा ठेवला. रिकामी जागा तेवढी राहिली. लोक तिथे माना झुकवू लागले तेव्हा खरं सांगायची त्याला लाज वाटली. मुख्याध्यापक चष्मा पुसत बसले.

“आणि ही पट्टी कुणाची?” आत्या थांबते कसली! “आमचे वडील याहून कितीतरी वर गायचे. माझ्या भावाचा गळा तिथे पोचेना, म्हणून त्याने गाणं खाली आणलं. लोकांनी नाकं मुरडली होती तेव्हा. वडील काय म्हणाले ठाऊक आहे? गाऊ दे त्याला, गायला तर माणूस हवा.”

“मग बाबांचं काय राहिलं, आत्या?” दादाने विचारलं.

उत्तर बहिणीने दिलं. “मलाही बाबा हवेत रे दादा. पण तू मला त्यांच्या आवाजात कोंडलंयस. श्वास घ्यायचा तर त्यांना विचारावं लागतं मला. ते गेलेत, मी अजून आहे.”

दादा बहिणीकडे बघत होता, जणू एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिची हनुवटी त्याला वर दिसत होती. त्याने वाकून मशीनची वायर काढली आणि ती हातात गुंडाळत तो आपल्या मागच्या जागी जाऊन बसला.

ती एकटी उभी राहिली. तिला भीती वाटली. बाबांचा आधार नाही, चुकलं तर चुकलं. मग तिने मान वर केली आणि गाणं आपल्या पट्टीत उचललं. पहिलं कडवं डगमगलं. दुसऱ्याला मागच्या रांगेतल्या, कधीच्या सोडून गेलेल्या दोघी मुली कुजबुजल्यासारख्या गाऊ लागल्या. तिसऱ्यात ती खोकल्याच्या जागी आली. तिथे ती थांबली नाही.

आणि तिथेच तिला मागून एक पुरुषी आवाज ऐकू आला. जाड, बिचकत येणारा, तिच्याच सुराच्या बरोबर एक सप्तक खाली. दादा गात होता. बाबांच्या पट्टीत न बसलेला तो आवाज बहिणीच्या पट्टीत बसला होता. तो डोळे मिटून, शब्द चुकत, रडत रडत गात होता, आणि त्याला मागे बस म्हणणारं आता कुणी नव्हतं.

मंडळी, आपल्यापैकी किती घरांत असं एखादं रेकॉर्डिंग चालू आहे? वाडवडिलांचं गाणं, त्यांची कला, त्यांची श्रद्धा जपायलाच हवी. तीच आपली ओळख आहे. पण ती जपायची म्हणजे पुढच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या गळ्याने गाऊ द्यायचं. मुलं येत नाहीत म्हणून कुरकुर करण्याआधी त्यांना जागा ठेवली आहे का, ते आपण आपल्याशीच विचारावं.

रेकॉर्डिंग आता दादाच्या घरी असतं. खोकला त्याने परत जोडला आहे. कधीमधी तो ते एकटा ऐकतो, आणि रविवारी बहिणीशेजारी उभा राहून गातो.