चार इंचांच्या आतली मी

बालमित्रांनो, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली मी एक वयात आलेली कासवीण आहे. महाळुंगे पडवळला एका बंगल्याच्या परसात सिमेंटचा हौद आहे, त्यात मी राहते. माझं कवच आता जेवणाच्या ताटलीएवढं झालं आहे. मला पाहायला पाहुणे येतात, माझ्या नावाने हात जोडतात आणि पाण्यात नाणी टाकतात. नाण्यांचा मला काहीही उपयोग नाही. हात जोडणाऱ्यांचाही नाही. पण माझी गोष्ट तुम्ही ऐकावी असं मला वाटतं, कारण ती मोठ्या माणसांना सांगून झाली आहे आणि त्यांनी ती ऐकल्यासारखं फक्त केलं.

मी नदीत जन्मले नाही. दूरच्या एका गावात पत्र्याच्या शेडखाली उथळ टाक्या होत्या, तिथे वाळूत पुरलेल्या अंड्यांतून आम्ही शेकडो भावंडं बाहेर आलो. आमची आई आम्हाला दिसली नाही. डोळे नीट उघडायच्या आत आम्हाला ओल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात भरलं. खोकं हललं, गाडी चालली, आणि ज्यांना प्रवास सोसला तेवढे नारायणगावला उतरलो. एस.टी. स्टँडच्या मागे सयाजीचं रंगीत माशांचं दुकान आहे, तिथे.

सयाजी वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायलाही थोडे कष्ट घ्यावे लागतात. त्याला फक्त दुपारी जेवून आडवं व्हायचं असे आणि त्याआधी जेवढं विकलं जाईल तेवढं विकायचं असे. आमच्याबद्दल त्याला दोनच गोष्टी ठाऊक होत्या आणि त्या दोन्ही तो गिऱ्हाइकाला एका दमात सांगायचा.

"हे बघा पावणं, आपल्या नदीतल्या कासवाला हात लावला की माणूस आत जातो. पण हे फॉरेनचं हाय, टाकीत पैदा झालेलं. याला कुणी काय बोलत न्हाई."

गिऱ्हाईक मान डोलवायचं. मग सयाजी आवाज खाली आणायचा.

"आणि तिकडं एका देशात हे चार इंचाच्या आतलं विकायलाच बंदी हाय. चार इंच कवच झाल्याबिगर दुकानदार देतच नाय. आन हितं तुमाला एवढुसं मिळतंय. नशीब लागतं राव."

बंदी का आहे, हे त्याने कधी विचारलं नाही. बंदी असलेली वस्तू भारी असते, एवढी त्याची अक्कल. गिऱ्हाइकाची त्याहून थोडी कमी, म्हणून दुकान चालत होतं.

गोरक्ष असाच एक दिवस आला. त्याच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची. त्याच्या आईला, तुकाबाईला, अजूनही जनावराच्या श्वासावरून त्याचं दुखणं कळतं. पण गोरक्षने टोमॅटोत बरं कमावलं, बंगला बांधला, आणि बंगल्याबरोबर घरात वास्तूवाला आला. त्याने सांगितलं, उत्तरेला जिवंत कासव ठेवा, लक्ष्मी हलणार नाही. ज्या माणसाचे आजे-पणजे कोकरं खांद्यावर घेऊन घाट उतरले, त्याने काचेच्या वाडग्यात बुडवलेली दोन बोटांची मी टीव्हीच्या कपाटावर ठेवली आणि हात जोडले.

"जित्राब हाय ते. काचंत कशाला कोंडलंय?" तुकाबाई म्हणाली.

"आई, तुला न्हाई कळायचं ते," गोरक्ष म्हणाला. जे स्वतःला कळत नसे त्याबद्दल तो नेहमी हेच म्हणायचा.

वाडग्याचं पाणी चार दिवसांनी बदललं जायचं, तेही स्वयंपाकघरातल्या मोरीत, जिथे भांडी घासत. वर ऊन नाही, बसायला दगड नाही. माझ्याशी बोलायची ती फक्त समृद्धी. गोरक्षची मुलगी, तीन वर्षांची. ती मला बाहेर काढायची, गालाला लावायची, माझे मुके घ्यायची. एकदा तर मला ओठांत धरून ती घरभर फिरली. तिची आई आशा तेव्हा शेतावर होती. गोरक्ष घरात होता. त्याने व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांना पाठवला.

त्या आठवड्यात समृद्धीला ताप भरला. मग जुलाब लागले आणि त्यात रक्त पडू लागलं. दुसऱ्या दिवशी ती रडायचीही थांबली, तेव्हा आशाने तिला उचललं आणि मंचरच्या दवाखान्यात नेलं. मागे घरात तुकाबाई आणि गोरक्ष यांनी कारण शोधून काढलं. जत्रेत पोरीला भेळ खायला दिली, ती आशाने. उघड्यावरचं पाणी पाजलं, ते आशाने. मी वाडग्यात बसून ऐकत होते. माणसांना आपल्या घरातला गुन्हेगार किती पटकन सापडतो, आणि तो नेहमी बाहेरून लग्न होऊन आलेलाच कसा असतो, याचं मला नवल वाटलं.

पोर वाचली. घरी आल्यावर आशाने तुकाबाईला जे सांगितलं ते मी ऐकलं. तपासणीत टायफॉईडच्या जातकुळीतला जंतू निघाला. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं आणि मग विचारलं, घरात कासव आहे का.

"मी म्हनलं, हाय. तर ते म्हनाले, कासवाच्या अंगावर, त्याच्या पाण्यात हा जंतू असतोय. त्याला काय होत न्हाई, लेकराला होतंय. काही देशांत बारकं कासव विकायला बंदी हाय ती याच्यासाठीच. बारकं असलं की पोरं तोंडात घालत्यात, म्हनून."

तुकाबाईने नातीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आशे, मी तुला नको ते बोलले." एवढं म्हणायला तिला जड गेलं, पण ती म्हणाली. गोरक्षने व्हिडिओ पुसला आणि बादली आणली.

"डिंभ्याच्या धरणात सोडून येतो. पुण्य तरी लागंल," तो म्हणाला.

काल लक्ष्मी होते, आज घाण झाले, आणि त्या घाणीचंही पुण्य करायचं होतं. बादली धरायला कुणीतरी हवं म्हणून आशा मोटारसायकलवर मागे बसली. धरणाच्या काठाला लंकाबाई म्हणून एक बाई जाळं धुवत बसली होती. तिने बादलीत पाहिलं.

"हे आमच्या पाण्यात नगा टाकू, भाऊ."

"का? पाणी सरकारचं हाय," गोरक्ष म्हणाला.

"पाणी सरकारचं असंल. पोट आमचं त्याच्यावर हाय. मागं असंच कुणी टाकलं व्हतं. ते वाढून एवढं झालं. आमची कासवं ज्या खडकावर उनाला बसायची तिथं आता हेच बसतंय."

"मग तुमीच ठेवा हे."

"मी कशाला? मी आणलं व्हय?"

लंकाबाई खरं बोलत होती. त्या धरणात मला पोटभर मिळालं असतं, आणि ज्यांच्या तोंडचं मी खाल्लं असतं ती कासवं या मातीतली होती. त्यांना धरू नये म्हणून कायदा आहे. माझ्यासारखीला त्यांच्यात फेकणारा हात मात्र रिकामा घरी जातो आणि जेवतो. आशाने बादलीवर पदर टाकला आणि म्हणाली, "चला घरी."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच जीपने नारायणगावला निघाली. मी तिच्या मांडीवर डब्यात होते. दुकानात एक माणूस उभा होता, कडेवर दुधाचे दात असलेलं पोर. सयाजी पिशवीत पाणी भरत होता आणि तेच सांगत होता. टाकीत पैदा झालेलं. तिकडं बंदी हाय. नशीब लागतं राव. त्याची बायको पुष्पा मागे खाद्याच्या पुड्या बांधत बसली होती.

"ती बंदी का हाय, ते पण सांगा की यांना," आशा म्हणाली.

सयाजीने तिला ओळखलं नाही. डब्यात पाहिलं तेव्हा आपल्याच दुकानचा माल ओळखला. "बाई, ते तिकडचं झालं. आपल्याकडं तसला नियम नाय."

"तिकडच्या पोरांचं पोट येगळं असतंय व्हय?"

"अवो, नदीतलं न्हाई हे. टाकीतली पैदास हाय. निवांत हाय."

"आमी पण टाकीतलंच नेलं व्हतं. टाकीतलंच पोरीच्या तोंडात गेलं. सलाईन लावायला तिची शीर घावत नव्हती. दोघी नर्सा धरून व्हत्या आन तिला रडायला पण ताकद नव्हती."

त्या माणसाने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं, कासवापासून लांब, आणि काहीही न घेता दुकानातून उतरला. पुष्पाचे हात पुडीवरच थांबले होते.

"धंद्यावर पाय देऊ नगा," सयाजी हळू म्हणाला. "तुमचं कासव मी परत घेतो. बदल्यात मासं न्या, काय पायजे ते."

सौदा चांगला होता. आशाने डबा पुढे सरकवलाही होता. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डबा परत ओढून घेतला.

"तुमी हे उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकीला देणार," ती म्हणाली.

मित्रांनो, आशाचं माझ्यावर प्रेम नाही. तिच्या मुलीला मी मारत आणलं होतं. तरी तिने गवंडी लावून परसात हौद बांधून घेतला, वर जाळी बसवली, आत दगड ठेवला आणि ऊन येईल अशी जागा सोडली. माझं पाणी आता घरात जात नाही. आम्ही कासवं चांगली पंचवीस-तीस वर्षं जगतो, हे सयाजीने गोरक्षला सांगितलं नव्हतं. आशाला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि खाद्य टाकून निघून गेली. माझ्यासाठी कुणी केलेली ही सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे. गोरक्ष मात्र पाहुण्यांना हौद दाखवतो आणि सांगतो, आम्ही पहिल्यापासून मुक्या जनावरांना जपणारी माणसं. तुकाबाई तेव्हा तिथून उठून जाते.

माझं खाद्य त्याच दुकानातून येतं. सयाजीच्या तोंडची दोन वाक्यं अजून तीच आहेत. पण तो दुपारी जेवायला घरी जातो तेव्हा गल्ल्यावर पुष्पा बसते. कुणी लेकराला घेऊन आलं आणि बारक्या कासवाकडे बोट दाखवलं, तर ती पट्टी काढते, कवचावर धरते आणि म्हणते, "चार इंच झाल्याबिगर न्हाई मिळायचं." गिऱ्हाईक म्हणतं, सकाळी तर देत होते. ती म्हणते, "सकाळचं मला म्हाईत नाय." म्हणजे एवढ्या मोठ्या बाजारपेठेत, एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसांत, हा नियम चालतो तो सयाजी घोरत असतो तेवढा वेळ.

म्हणून मोठ्या माणसांना मी काही मागत नाही. तुमच्याकडे मागते. वाढदिवसाला, नव्या घराला, नशीब उघडायला, आम्हाला मागू नका. कुणी आणलंच तर नदीत टाकू नका, ज्याने आणलं त्याला आयुष्यभर सांभाळायला लावा. समृद्धी आता शाळेत जाते. ती रोज माझ्याकडे येते, जाळीबाहेर बसते, पाढे म्हणते आणि उठताना साबणाने हात धुते. तुम्हीही तसंच करा. माया लांबून केली तरी आम्हाला पोचते, आणि नाही पोचली तरी चालेल. हात मात्र धुवा.