फ्यूजवरची हळद

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, आणि आधीच सांगतो, माझ्यात फार बोलण्याचं त्राण उरलेलं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचंच बोलणं बोललो. आज थोडं स्वतःचं सांगतो.

आखाडा बाळापूरजवळच्या एका गावात मी मंजुळाबाईंच्या लग्नात आंदण म्हणून आलो. तेव्हा माझ्या लाकडी पेटीत तोंड दिसायचं. बाजारभाव ऐकायला शेजारी जमायचे आणि मी जरा फुगायचोही. पुढे टीव्ही आला, मोबाईल आले, माझी रवानगी कोनाड्यात झाली. मंजुळाबाईंनी मात्र मला सोडलं नाही. काचबिंदूने त्यांची नजर गेली, आणि मुलगा-सून शेतात गेल्यावर दिवसभर त्यांच्या सोबतीला मी एकटाच उरलो.

यंदा श्रावणात एका सकाळी मी मुका झालो. दिवा नाही, साधी खरखर नाही. त्यांच्या मुलाने, विश्वंभरने, प्लग बदलला, दोनदा नवा फ्यूज घातला. मी ढिम्म. तो वैतागला.

"आई, बाळापूरला खाजा मियाला दाखवतो. त्याला न्हाई जमलं तर तिथूनच भंगारात. उगं जागा अडवून राहिला."

"मंग मी बी येते," मंजुळाबाई म्हणाल्या.

खाजा मियांकडे आता मोबाईलच दुरुस्तीला येतात. मला पाहून त्यांनी उसासा टाकला. आम्ही दोघेही दमलेले. त्यांनी माझं मागचं झाकण काढलं, वायर मीटरने तपासली. ती ठीक होती. मग मला सिरीजच्या बल्बवर लावलं, म्हणजे माझा करंट एका बल्बमधून येईल असं जोडलं. आत शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटला असता. तो पेटलाच नाही.

"करंट आतच जाईना," ते म्हणाले.

"ट्रान्सफॉर्मर गेला म्हना की!" विश्वंभर उठलासुद्धा.

"बसा हो. काहून घाई करून राहिले?"

त्यांनी फ्यूज वगळून मधे वायरचा तुकडा जोडला. बल्ब मंद पेटला, माझा दिवाही मिणमिणला. ट्रान्सफॉर्मर शाबूत होता! मग त्यांनी फ्यूज ज्या पितळी क्लिपांत बसतो, त्या चाकूने खरवडल्या. हिरवा गंज निघाला, त्याखाली पिवळा थर. त्यांनी वास घेतला.

"ही तर हळद. अन् हे तांदूळ. बाई, रेडिओत हळद कोन टाकतंय?"

मंजुळाबाईंचा चेहरा उतरला. दर दसऱ्याला विळा-खुरप्यासोबत त्या माझीही पूजा करायच्या. आधी पाणी शिंपडायचं, मग ओल्या बोटाने हळदकुंकू, वर अक्षता. माझ्या माथ्यावर हवेसाठी फटी आहेत आणि बरोबर त्यांच्याखाली फ्यूज. इतक्या दसऱ्यांचं सगळं तिथे झिरपत गेलं होतं आणि क्लिपा गंजून करंट अडला होता.

"म्हंजी मीच मारलं व्हय ह्याला?" त्यांनी विचारलं.

"मारलं न्हाई बाई. पूजा बराबर करा, पन वल्या हातानं नका करू."

त्यांनी क्लिपा घासून चकचकीत केल्या, एक फुगलेला कपॅसिटर बदलला. मी घसा खाकरला आणि परभणी केंद्र बोलू लागलं. मंजुळाबाई मला मांडीवर घेऊनच गावी आल्या.

मित्रांनो, घरातलं एखादं यंत्र मुकं झालं तर फेकण्याआधी जाणत्याला एकदा उघडून पाहू द्या. आणि आम्हाला जीव लावाल तो कोरड्या हाताने लावा. हे मीच सांगतोय खरा, पण परवाचा दसरा मला जड गेला.

मंजुळाबाईंनी चाचपत माझा माथा शोधला. कुंकवाचं ओलं बोट वर आलं, क्षणभर थबकलं आणि मागे गेलं. कुंकू त्यांनी माझ्यापुढच्या पाटाला लावलं. मग हात पदराला पुसला, पुन्हा पुसला, आणि कोरडा करून माझ्या माथ्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. त्या वेळी मी बातम्या सांगत होतो. थांबता आलं असतं तर थांबलो असतो.