तपकिरी रंगाची जागा

प्रबंध सोमवारी बांधणीला जाणार होता, आणि शनिवारी सकाळपासून हिरामणकाकांना एका जागी बसवत नव्हतं. नाशिकच्या त्या इस्पितळात स्लाइड रंगवण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. डॉक्टर योगिनीच्या प्रबंधासाठी स्तनाच्या गाठींच्या शहाण्णव स्लाइड त्यांनीच रंगवल्या, मोजल्याही त्यांनीच. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं एक प्रथिन जिथे असेल, तिथे तपकिरी रंग धरायचा.

काल त्यांनी सहज एक स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा लावली. हरसूलच्या झुंबरबाईंची. मोजणीत तपकिरी पेशी भरपूर. बाई मात्र १९९८ सालीच, गाठ काढल्यावर वर्षाच्या आत गेल्या होत्या. काकांनी भिंग बदललं. तपकिरी रंग पेशीत होता, पण केंद्रकात नव्हता. केंद्रक नुसतं निळं. लगाम घालायचं काम तर तिथेच चालतं! योगिनीनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी रंग पाहिला, जागा पाहिलीच नाही.

तीनदा ते तिच्या दारापर्यंत जाऊन परतले. आपलीच नजर चुकत असेल तर? पोरीची डिग्री लटकवायची? आणि चुकत नसेल, तर ‘अचूक मोजणीसाठी आभार’ असं छापलेलं आपलं नाव?

चौथ्यांदा तिनंच हटकलं. “काका, येरझाऱ्या काय घालताय? आत या की.”

“मॅडम, मोजणी चुकली. माझी.”

तिनं स्लाइड बराच वेळ पाहिली. “म्हणजे मस्टरवर सही, आणि माणूस चहाच्या टपरीवर!”

काकांना हसू आलं नाही. “काल ही दिसली, मग अशा अजून अकरा सापडल्या. पुढच्या बघायचा धीर झाला नाही.”

“आणि मी ठोकून दिलंय, हे प्रथिन असलं काय, नसलं काय, रोग्याला फरक पडत नाही!” तिनं कपाळाला हात लावला. “कालच का नाही बोललात?”

तिनं बांधणीवाल्याला फोन लावला. “गोरक्षभाऊ, सोमवारचं राहू द्या. शुक्रवारी देते. हो, शेवटची तारीख तीच आहे, माहितीये मला.”

“आभारातलं माझं नाव काढा, मॅडम.”

“ते मागाहून बघू. सगळ्या पुन्हा मोजायच्या. त्याच स्लाइड तुम्ही स्वतंत्र, मी स्वतंत्र. एकमेकांचे आकडे शेवटपर्यंत बघायचे नाहीत.”

काकांनी पहिली स्लाइड लावली. निळ्याच्या कडेला तपकिरी चिकटून होता. आत आहे की बाहेर, कळेना. त्यांनी ‘आत’ लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.