बाळंतिणीचं पाणी

"बाळंतिणीनं कच्चं पानी पिलं की हाडं गारठत्यात. मला न्हाई दिलं माझ्या सासूनं. मेले का मी?" वेलिका दारात आडवी उभी राहिली.

"तुमी कशाला मरताय, इहीनबाई! यम बी तुमच्या उंबऱ्यावरनं माघारी जाईल. सरा बाजूला!"

गेर्गिना डोंगरापलीकडनं खेचर हाकत आली होती. हातात झऱ्यावरची भरलेली घागर. विहिणीला खांद्यानं ढकलून ती आत शिरली आणि लेकीचं तोंड बघून तिचं काळीज तुटलं.

दोन्काचं पहिलं बाळंतपण. लगेच ताप चढला. राजधानी सोफियाहून आलेल्या सल्फाच्या गोळ्या स्लाव्का नर्सबाईंनी सुरू केल्या, ताप उतरायलाही लागला. पण लघवी आटली. आली ती लालसर, आणि कमरेत अशा कळा की पोर उशी चावायची.

"त्या गोळ्याच इखारी हायत. मी टाकनार चुलीत," वेलिका म्हणाली.

"खबरदार!" नर्सबाई खाटेजवळून ओरडल्या. "गोळी जंतूला अन्न बनवू देत न्हाई. त्याची वाढ खुंटती, मग उरलेले अंगच निपटून काढतं. पन काम झालं की गोळी लघवीवाटंच भाईर पडती. पानी नसंल तर मूत्रपिंडात तिचे बारीक खडे हुत्यात. पानी किती दिलंत?"

"चमचा-चमचा. पेटता निखारा पान्यात विझवून," वेलिका म्हणाली.

गेर्गिनाच्या अंगाची लाही लाही झाली. औषध घरात, झरा दारात, आणि लेक तहानेनं मरायला टेकलेली! ती विहिणीला शिव्या घालत होती आणि लेकीला पेल्यामागून पेला पाजत होती. जावई स्तामेन मान खाली घालून कोपऱ्यात उभा होता.

"नंदीबैल! आईफुडं तोंड उघडाया बी पानी लागतंय का तुला?" तिनं त्यालाही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लघवी मोकळी झाली. गोळ्या चालूच होत्या. त्यानंतर एका सकाळी ताप पार उतरला, आणि शेजारीण बाळंतिणीसाठी रोटी घेऊन आली. वेलिका तिला अंगणातच सांगू लागली, "सुरवातीला मी पानी तोडलं, म्हून वाचली बग."

गेर्गिना ताडकन उठली. पण तिच्याआधी आतून दोन्काचा आवाज आला. सासूपुढं आजवर मान वर न केलेली पोर खणखणीत बोलली.

"आत्याबाई, घागर रिकामी झाली. झऱ्यावरनं भरून आना. गारच आना."

वेलिकानं आत येऊन घागर उचलली आणि झऱ्याची वाट धरली.