दोऱ्याने मोजलेलं अंतर

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. छापील कागदाच्या निमुळत्या पट्ट्या पुठ्ठ्याच्या चेंडूवर चिकटवून मला घडवलं. काही वर्षं मी शाळेत होतो. तिथे मुलांनी मला इतकं गरगरा फिरवलं, की माझा कणाच वाकला. शाळेने मला अडगळीत टाकलं, तेव्हा तिथले गणवेश शिवणाऱ्या शिंप्याने मला आपल्या लेकीसाठी घरी आणलं. माझ्यावर बोट ठेवून ती शहरांची नावं वाचायला शिकली आणि मोठी झाल्यावर त्यातल्याच एका फार दूरच्या शहरात नोकरीला गेली.

ती गेली त्या दिवशी शिंप्याने रिळाचा दोरा तोडला आणि आपल्या शहरापासून तिच्या शहरापर्यंत माझ्या अंगावर ताणून धरला. दोरा समुद्र सोडून थेट उत्तरेच्या बर्फावर चढला.

"अहो, बर्फावरून कशाला नेता पोरीला? गारठेल ना," त्याची बायको म्हणाली.

"हाच जवळचा रस्ता. विमानात बसलीय ती, चालत नाही निघाली."

माझ्या पायाशी छापलेल्या मापावरून त्याने हिशेब केला. चौदा तास. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे कौतुकाने दाखवायचा. तेव्हा मला रोज पुसलं जायचं.

मग बायकोने अंथरूण धरलं. दुखणं हाडांत उतरलं, डॉक्टरांनी हात टेकले. गेल्यापासून लेक एकदाही आली नव्हती. एका रात्री तिचा फोन आला, "बाबा, विमानतळावर आहे. निघतेच." पुढे काही विचारायच्या आत फोन बंद पडला. शिंप्याने पुन्हा दोरा ताणला.

"उद्या संध्याकाळी पोर दारात."

"गिऱ्हाइकांना देता तसली वेळ नाही ना ही?"

"नाही गं. मोजून सांगतोय."

सकाळी नर्स इंजेक्शन द्यायला आली. त्याने दुखणं थांबायचं, पण गाढ झोप लागायची.

"आज नको. लेक येणार आणि मी घोरत पडू?"

"आजी, सोसवणार नाही तुम्हाला."

"तिच्या जन्माच्या वेळी सोसलंच की."

दिवसभर ती दात आवळून दाराकडे बघत राहिली. संध्याकाळ झाली. कुणी आलं नाही. मित्रांनो, दोरा मध्ये कुठे थांबत नाही, विमान थांबतं. लेक तेव्हा तिसऱ्याच शहरात, बाकावर बसून दुसऱ्या विमानाची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी नर्स आली, तेव्हा आईने स्वतःच हात पुढे केला. "टोच बाई आता."

लेक दुपारी पोचली. "आई, मी आलेय गं," ती कानाशी सांगत राहिली. श्वास चालू होता, डोळे उघडले नाहीत. अंधार पडायच्या आत श्वासही थांबला.

"कालची वेळ मी दिली होती तिला," शिंपी म्हणाला. लेकीने त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

आता मी कपाटावर, चिंध्यांच्या गाठोड्यामागे असतो. मला कुणी पुसत नाही. नका पुसू. एवढंच ऐका: कुणी वाट बघत असेल, तर त्याला विमानाची वेळ सांगू नका, माणूस दारात पोचेल ती वेळ सांगा. ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणा. दुखणारं माणूस निदान झोपेल तरी.